ऑफिस सोडून लाँग रूटच्या ट्रकवर जावं का? खरं खरं सांगा

नवीनलायसन
वय ३१, आठ वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून काम केलंय. वाईट चाललंय असं नाही पण संध्याकाळी उठताना दिवसभर काय केलं ते सांगता येत नाही. मागच्या महिन्यात हेवी लायसन हातात आलं. शिकताना एकदा रिकामा ट्रेलर घेऊन हायवेला वीसेक मिनिटं एकट्याने गाडी चालवली (शिकवणारे शेजारी होते पण एक शब्द बोलले नाहीत), आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा डोकं शांत झालं. आता एकजण लांबच्या गाडीवर घ्यायला तयार आहे, तीन-साडेतीन आठवडे बाहेर आणि मग पाच दिवस घरी, राहायचं-झोपायचं केबिनमध्येच. घरी बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. बायको म्हणते जा किंवा नको जाऊ, पण आमच्यासाठी जातोय असं तेवढं म्हणू नकोस. ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, धीर देऊ नका.

चौदाचाकी
जा. १९ वर्षं लाईनवर आहे, पस्तावलो नाही. हे काम म्हणजे नुसतं स्टिअरिंग धरून बसणं नाही हे आधी समजून घे. चाळीस टनाची गाडी घाटातून उतरवताना ब्रेकच्या भरवशावर उतरवायची नसते, ज्या गियरमध्ये चढलास त्याच्याही खालचा गियर टाकायचा आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, एकदा गाडी पळायला लागली की गियर पडत नाही आणि ब्रेक दाबत राहिलास तर तापून तापून शेवटी पकडतच नाहीत. ६० चा स्पीड ८० केलास तर वाटतं २० नेच वाढला, पण गाडीतला जोर जवळजवळ पावणेदोनपट होतो. हे सगळं हळूहळू अंगात मुरतं. सकाळी रॉडने टायर ठोकत गाडीभोवती फेरी मारायची, भरलेला टायर टणक वाजतो, हवा कमी असली की आवाज बसका येतो, आणि जोडीतला आतला टायर बसलेला असला तरी बाहेरून दिसत नाही, तो कानानेच कळतो. माल जसा भरला तसाच उतरवून दिला की जे वाटतं ते तुला त्या खुर्चीत आठ वर्षांत मिळालं नाही असं तूच लिहिलंयस. मग विचारतोस कशाला?

मागचीखिडकी
मी ट्रक ड्रायव्हरची मुलगी आहे म्हणून लिहिते. बाबा घरी आले की पहिल्या रात्री झोपायचेच नाहीत. शांततेत झोप लागायची नाही त्यांना, पंखा फुल करून ठेवायचे आणि तरी उठून बसायचे. कधी झोपेतच उजवा पाय पलंगाच्या कडेला दाबलेला असायचा, ब्रेकवर असल्यासारखा. दुसऱ्या दिवशी आम्ही हळू आवाजात बोलायचो, तिसऱ्या दिवशी ते जरा माणसात यायचे आणि पाचव्या दिवशी बॅग भरायची. म्हणजे दादा, तुम्ही ते पाच दिवस म्हणताय ना, त्यातले दोनच दिवस घराच्या वाट्याला येतात. आणि ते प्रेमळ होते हो, रोज फोन करायचे, पण विचारायचे ते दोन आठवड्यांपूर्वीचं, ताप उतरला का म्हणून, आणि तोवर मी बरी होऊन शाळेत जाऊन भांडण करून परत मैत्रीसुद्धा झालेली असायची. तीन वर्षांच्या मुलाला महिना म्हणजे केवढा मोठा असतो माहितीये? तुमची बायको जे म्हणाली ते माझी आई कधी म्हणू शकली नाही. त्यांचं ऐका.

चौदाचाकी
ताई तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मलाही मुलगी आहे. पण एक सांगतो, रोज संध्याकाळी सातला घरी येऊन मोबाईलमध्ये तोंड घालून बसणारे बापही बघितलेत मी. घरी असणं आणि असणं यात फरक आहे.

मागचीखिडकी
फरक आहेच. पण मोबाईलमध्ये बघणाऱ्याचा हात ओढता येतो काका. ज्याच्याशी बोलायला रेंज लागते त्याचा नाही ओढता येत.

हिशेबवही
मी आधी दुसऱ्याच्या गाडीवर सहा वर्षं, मग स्वतःची घेऊन चार वर्षं, मग विकली. चौदाचाकी म्हणतात ती गाडी चालवायची मजा खरी आहे, एक शब्द खोटा नाही. पण नवीनलायसन, तुम्ही वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवलीत ते या कामाचं सगळ्यात चांगलं वीस मिनिट होतं. बाकीचं काम म्हणजे थांबणं. लोडिंगला थांबा, कागदाला थांबा, अनलोडिंगच्या लाईनीत थांबा. मी एकदा गोदामाबाहेर सकाळी सातपासून लाईनीत होतो, पुढचा ट्रक आत गेला की आपण एक गाडीभर पुढे सरकायचं, अर्ध्या-पाऊण तासाने एकदा. म्हणजे झोपायचं म्हटलं तरी झोपता येत नाही, डोळा लागला की मागचा हॉर्न मारतो. दुपारी चारला रिकामा झालो आणि फोन आला की दुसरा माल भरून पहाटेपर्यंत पोच. बाहेरून बघणारा म्हणेल दिवसभर बसूनच तर होता! आणि पैसे किलोमीटरवर असतील तर त्या नऊ तासांचे काहीच नाही. लाईनीत उभं राहण्याचे पैसे कोण देणार हे आधी विचारा, तोंडी नको, लिहून घ्या. स्वतःची गाडी घ्यायचं तर पहिली पाच वर्षं मनातसुद्धा आणू नका, हप्त्याला लाईन माहीत नसते, गाडी उभी असो की चालू, तो महिन्याला येतोच. परतीचं भाडं नाही मिळालं तर रिकामी गाडी आणायची, डिझेल तेवढंच जळतं असं नाही पण जळतं.

रात्रपाळी
मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, वर्षानुवर्षं नाईट करते, त्यामुळे झोपेवर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते. माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याचं लक्ष आणि हात रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे मंदावतात, यावर अभ्यास झालेत. हिशेबवहींचा तो दिवस मोजा, सातच्या लाईनीसाठी ते पाचला तरी उठले असतील, म्हणजे रात्री दहाला १७ तास झाले आणि गाडी अजून चालूच. पहाटे दोन ते पाच शरीर स्वतःहून बंद पडायला बघतं, कितीही चहाकॉफी प्यायली तरी. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ८० च्या स्पीडला जवळपास नव्वद मीटर गाडी कोणीच चालवत नाहीये. शिवाय डिझेलचा धूर, २०१२ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवरच्या संस्थेने तो कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. पाठ, शुगर, वजन हे तर येतंच. ज्यांना ऑफिसात डोकं शांत होत नाही त्यांनी केबिनमध्ये शांत होईल असं धरून चालू नये, थकलेलं डोकं शांत वाटतं कधी कधी, ते वेगळं.

चौदाचाकी
म्हणूनच तर तासांचे नियम आहेत ना. अमेरिकेत १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवायचं आणि त्याआधी सलग १० तास सुट्टी, २०१७ च्या शेवटापासून ते मशीनच नोंदवतं. युरोपात दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदाच १०, आणि साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक. भारतात १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. नियम पाळणाऱ्याकडे काम कर, न पाळणाऱ्याकडे नको, एवढं सोपं आहे.

रात्रपाळी
सोपं नाही दादा. तुम्हीच सांगा, लाईनीत एकेक गाडी पुढे सरकताना त्या नऊ तासांची नोंद कोणी 'आराम' अशी टाकली तर? कागदावर विश्रांती आणि डोळ्यात झोप शून्य. युरोपात तर २०२० मध्ये स्पष्टच केलं की आठवड्याची ४५ तासांची मोठी सुट्टी केबिनमध्ये काढायची नाही, नीट झोपायची सोय लागते. का केलं असेल? केबिनमधली झोप आणि घरची झोप सारखी नाही हे त्यांनाही कळलं म्हणूनच ना.

चौदाचाकी
लाईनीचं बरोबर आहे. तेवढं मानतो. माझे दोन-तीन वेळा जे डोळे लागले ते लांब चालवून नाही, दिवसभर उभं राहून मग निघालो तेव्हाच. यावर माझ्याकडे उत्तर एवढंच की 'नाही निघत' म्हणता आलं पाहिजे. मला ते म्हणायला सात-आठ वर्षं लागली. नवीन माणसाला जड जातं, खरं आहे. पण जमतं, आणि जो म्हणतो त्यालाच चांगले मालक टिकवून ठेवतात.

पुढचावळण
एक वेगळा मुद्दा, २०२५ मध्ये अमेरिकेत डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नसताना मालाचे ट्रक धावलेत. ३१ व्या वर्षी या लाईनीत शिरून तीस वर्षं काढायची असतील तर याचा विचार नको का?

हिशेबवही
करावा, पण ते सरळ मोकळ्या हायवेचं काम आहे. अरुंद गल्लीत ट्रेलर रिव्हर्स घेणं, पावसात ताडपत्री बांधणं, माल सरकला म्हणून मध्येच थांबून पुन्हा आवळणं, हे उद्या परवा कोणी मशीन करत नाही. मला भीती उलटीच वाटते, मोकळा हायवे मशीनला जाईल आणि माणसाला लाईन राहील. म्हणजे नवीनलायसन, तुम्हाला जे आवडलं नेमकं तेच जाईल.

नवीनलायसन
सगळं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं. तिने मागचीखिडकीताईंचं पंख्याचं वाचून मोबाईल खाली ठेवला, काही बोलली नाही. रात्री म्हणाली, तुला गाडी चालवायचीये की इथून जायचंय, ते आधी बघ. मला वाटतं दोन्ही आहे आणि किती किती आहे ते मला नाही माहीत. चौदाचाकीदादा तुम्ही विचारलंत 'मग विचारतोस कशाला', तर त्याचसाठी.

नोकरी सोडत नाहीये सध्या. शिल्लक रजा काढून त्याच गाडीवर दुसऱ्या सीटवर एक पूर्ण फेरी करणार, बिनपगारी. त्यांना सांगितलंय की मला हायवेला चालवायला दिलं नाही तरी चालेल पण लोडिंग-अनलोडिंगच्या लाईनीत सगळा वेळ मीच बसणार. रात्री केबिनमध्येच झोपणार. लाईनीच्या पैशाचंही विचारलं, ते म्हणाले बघू. 'बघू' लिहून घेता येत नाही, त्यामुळे ते अजून लटकलेलंच आहे.

हिशेबवही
'बघू' म्हणजे नाही. दुसरीकडे विचारा, देणारे असतात.

चौदाचाकी
हे चांगलं केलंस. घरची उशी ने, केबिनमधल्याने मान धरते. आणि गाडी थांबली की आधी चाकांना हात लावून बघ, एखादं जास्त गरम लागलं तर तिथे ब्रेक चिकटतोय.

मागचीखिडकी
मुलाला निघताना झोपेत सोडून जाऊ नका. बाबा पहाटे निघायचे, आम्हाला त्रास नको म्हणून उठवायचे नाहीत. मी मात्र बॅग भरलेली दिसली की रात्रभर जागी राहायचा प्रयत्न करायचे.