मदत हवी आहे : ढोल पथकाचे फुकट काढलेले फोटो, हक्क कुणाचा?

मंडळी, पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकाचे फोटो मी हौसेने काढतो. मानधन नाही. चहा-वडापाव मिळतो, तो कृपया मोबदल्यात धरू नका! पथकाने फोटो स्वतःच्या पेजवर टाकले, आनंदच आहे. पण यंदा प्रायोजक सराफाच्या फ्लेक्सवर माझा फोटो झळकला, कोपऱ्यातलं माझं नाव कापून. विचारलं तर पथकातले दादा म्हणाले, "अरे, फोटो पथकाचेच ना!"

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे पहिला मालक फोटो काढणारा. मोबदला देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तरच ते काढून घेणाऱ्याचे. कलम १९ म्हणतं, मालकी द्यायची तर लेखी आणि सहीनिशी. मग माझ्या तोंडी "वापरा की" मध्ये सराफाची जाहिरात बसते का?

भांडण नकोय, पथक आपलंच आहे. पुढच्या सरावाआधी एक पानी पत्र करायचंय : पथकाला प्रसिद्धीसाठी मोफत वापर, सोबत माझं नाव, आणि तिसऱ्याला देण्याआधी मला विचारणं. असा मराठी नमुना कुणाकडे आहे का? शिवाय फ्लेक्सवर वादक मुलींचे चेहरे स्पष्ट दिसतात. त्यांची संमती कुणी घ्यायची, मी की पथकाने?