अनुभव धागा: तुमची टीम केव्हा जमली?

रामबागवाला, इंदूर
मंडळी, कामाच्या ठिकाणी टीम जमते म्हणजे नेमकं काय होतं, ते आपापल्या अनुभवातून लिहा. सुरुवात मी करतो.

पिथमपूरला प्रेस शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. रिजेक्ट माल आम्ही लाल ट्रेत टाकतो. मी चार्ज घेतला तेव्हा तो ट्रे रिकामाच असायचा आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. मग एका रात्री डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, सरकली. ऑपरेटरने खराब पीस चांगल्या मालाखाली दडवले आणि अख्खा लॉट परत आला. तो बोलला का नाही? आधी एक जण बोलला होता, त्याला मी सगळ्यांसमोर झापलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट बदलताना दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलायला लागलो. पहिली चूक माझीच सांगितली: सेटिंग न तपासता सही केली होती. आठवडाभर कोणी तोंड उघडलं नाही. मग एक जण म्हणाला, "साहेब, तीन नंबरच्या प्रेसवर पीसला धार सुटतेय, प्रेस थांबवू का?" त्या महिन्यात लाल ट्रे भरून वाहिला. वरून विचारणा झाली, रिजेक्शन वाढलं कसं? खराब माल आधीही निघतच होता हो, आता तो दिसत होता.

ओटी सिस्टर
लाल ट्रे वाचून अंगावर काटा आला. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्येच चुका जास्त नोंदवलेल्या निघाल्या. तिथे लोक लपवत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ची. चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. आम्हाला विचित्र वाटायचं, रोज तीच तर माणसं! पण एकदा नाव सांगायला तोंड उघडलं की पुढचं बोलणं सोपं जातं, हे मी पाहिलंय. एकदा पोट शिवण्याआधी मॉप, म्हणजे रक्त टिपायची फडकी, मोजले, दहाचे नऊ. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी म्हणाली, "सर, एक कमी आहे." सरांना घाई होती, पुढचा पेशंट बाहेर आणून ठेवला होता. तरी त्यांचा हात थांबला. मॉप आतच होता, यकृताच्या मागे. सर एवढंच म्हणाले, "थँक यू, सिस्टर." तेव्हापासून नव्या मुली मोठ्याने मोजतात.

सुपर कॉरिडॉरकर
माझं मत थोडं वेगळं आहे. गूगलने २०१२मध्ये आपल्या सुमारे १८० टीम्सचा अभ्यास सुरू केला होता. त्यातलं "मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे" सगळ्यांना पाठ असतं. पण शब्द पाळणं आणि कुणाचं काम काय हे स्पष्ट असणं, हेही त्यात होतं, ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे दर शनिवारी पोहे-जिलेबी, गप्पा, सगळं होतं. सॉफ्टवेअरचं रिलीज मात्र लांबायचं. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहायला लागलो तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

सुदामानगर
मार्चअखेरीला आमचे हेड कॅशियरकाका चहाचा कप घेऊन नव्या मुलीच्या काउंटरवर येतात. "टॅली लागत नाही ना? दाखव बघू." तिला हाक मारावी लागत नाही.

रामबागवाला, इंदूर
त्या ऑपरेटरचं काय झालं, असं एकाने विचारलंय. आहे की, आमच्याच शिफ्टला. नव्या पोरांना लाल ट्रे कशासाठी असतो, ते तोच शिकवतो.