अभ्यासमंडळासाठी अलीकडचे शोधनिबंध सुचवावेत : अर्थव्यवहार, पदार्थविज्ञान, वैद्यक, रसायन

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अभ्यासमंडळ भरते. निवृत्त शिक्षक, दोन औषध दुकानदार, पतसंस्थेत नोकरी करणारे एक गृहस्थ आणि कृषी पदविकेची काही मुले मिळून पंधरा-वीस जण नियमाने येतात. आजवर आम्ही पुस्तकेच वाचत आलो, पण यंदा मूळ शोधनिबंध वाचायचे ठरवले आहे. ‘संशोधनातून सिद्ध झाले’ असे वाक्य वर्तमानपत्रात रोज दिसते. मात्र नेमके काय मोजले, कोणावर मोजले आणि कशाशी ताडून पाहिले, हे त्या बातमीत क्वचितच असते.

चार विषयांतून प्रत्येकी एक निबंध हवा आहे. तो गेल्या पाच-सात वर्षांतला असावा, पैसे न भरता वाचता यावा, आणि त्यातला निदान एक आकडा आम्हाला कागद-पेन्सिल घेऊन स्वतः पडताळून पाहता यावा. नोबेलच्या यादीवरूनच निवड करावी असे मंडळातील काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण ते काम बहुधा वीस-तीस वर्षांपूर्वीचे असते आणि त्यावरचा वाद केव्हाच मिटलेला असतो. संशोधकांना एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवताना कसे झगडावे लागते, ते मंडळींनी पाहावे अशी माझी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवारा

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते, त्यामुळे वैद्यकाबद्दल लिहिते. माझ्या मते आपण सुरुवात झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या चाचणीपासून करावी. ती ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्न अगदी साधा होता : घरात एकाला फुप्फुसाचा क्षयरोग झाला असताना घरातल्या इतरांना पुरेसे अन्न दिले, तर त्यांना होणारा क्षयरोग टळतो का? चार जिल्ह्यांतील २८ क्षयरोग पथकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे चाचणीत होती. रुग्णांना अन्न दोन्ही गटांत मिळाले, घरच्यांना मात्र एकाच गटात. रुग्णाला उपाशी ठेवून तुलना केलेली नाही, ही गोष्ट मंडळींच्या आवर्जून लक्षात आणून द्यावी.

घरातल्या प्रौढ माणसाला महिन्याचा शिधा होता ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. निबंधात म्हटले आहे की यातून दिवसाला ७५० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतात. आपल्याला हवा असलेला पडताळा इथेच आहे. तांदळात शेकडा सुमारे ७ आणि डाळीत सुमारे २२ प्रथिने धरली, तर ३५० अधिक ३३० म्हणजे ६८० ग्रॅम होतात. तीसने भागा, जवळजवळ २३ येतात.

आता निकाल पाहा. शिधा न मिळालेल्या गटात ४,७१२ पैकी १२२ जणांना क्षयरोग झाला आणि शिधा मिळालेल्या गटात ५,६०२ पैकी ९६ जणांना, म्हणजे अनुक्रमे २.६ आणि १.७ टक्के. साधा भागाकार केला तर घट सुमारे ३४ टक्के येते, पण निबंधात ३९ टक्के दिली आहे. हा फरक पाहून कोणी गडबडून जाऊ नये. प्रत्येक माणसावर किती काळ लक्ष ठेवले आणि दोन्ही गट मुळात कुठे वेगळे होते, याचा हिशेब धरून ते समायोजन केलेले आहे. माझ्या मनात घर करून राहिलेला आकडा मात्र वेगळाच आहे : ३० घरांतल्या १११ माणसांना शिधा दिला की क्षयरोगाचा एक रुग्ण टळतो. वजनाच्या काट्यावर उभे राहायलाही धरावे लागणारे रुग्ण मी पाहिले आहेत. औषधाची पाकिटे हातात असतात आणि घरात डाळ नसते. १ नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची मदत महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे, तेव्हा या विषयावर आपल्या गावातही बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

एक सावधगिरी सांगते. त्याच महिन्यात याच संशोधकांचा दुसरा निबंध आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला, असे त्यात आहे. हा आकडा मोठा असला तरी त्यामागे चिठ्ठ्यांची विभागणी नाही, ते निरीक्षण आहे. वजन वाढले म्हणून माणूस वाचला, की जो मुळातच सावरत होता त्याचे वजन वाढले, हा प्रश्न तिथे उरतोच. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले की पुराव्या-पुराव्यातला फरक मुलांना पटकन कळेल.

कृष्णाकाठ

रानवारा ताई, मनापासून आभार. आमचे औषध दुकानदार वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल सतत विचारत असतात. त्यावर वाचण्याजोगे काही आहे का?

रानवारा

आहे, पण ते दुसऱ्या बैठकीसाठी ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सिलेक्ट’ ही सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनाची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेले, वजन जास्त असलेले, पण मधुमेह नसलेले १७,६०४ जण तिच्यात होते. हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण औषध नसलेले इंजेक्शन दिलेल्या गटात ८.० आणि औषध दिलेल्या गटात ६.५ टक्के होते. बातम्यांत ‘२० टक्के घट’ असे छापून आले आणि ते खोटे नाही. परंतु शंभर माणसांत दीड माणसाचा फरक, तोही सरासरी ४० महिन्यांत, असे म्हटले की चित्र निराळे दिसते. त्रासामुळे इंजेक्शन सोडणाऱ्यांचे प्रमाण औषधाच्या गटात १६.६ आणि दुसऱ्यात ८.२ टक्के होते, आणि चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. हेही त्याच निबंधात स्पष्ट लिहिलेले आहे, फक्त शेवटपर्यंत वाचावे लागते.

तांबट

पदार्थविज्ञानासाठी मी एक फसलेला दावा सुचवतो, आणि तो पूर्ण विचारांती सुचवतो. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने एलके-९९ नावाच्या पदार्थाबद्दल दोन प्रकाशनपूर्व मसुदे ‘अर्काइव्ह’ या खुल्या संकेतस्थळावर टाकले. शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा हा पदार्थ साध्या दाबाखाली, १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, म्हणजे विजेला काहीच विरोध करत नाही, असा त्यांचा दावा होता. चुंबकावर एका कडेने उचललेला काळा तुकडा दाखवणारी चित्रफीत जगभर फिरली. त्या तुकड्याची दुसरी कड चुंबकालाच टेकलेली होती, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले. बैठकीत मुलांना ती चित्रफीत आधी दाखवावी, आणि काय दिसले ते लिहून घ्यावे.

पुढचे काही आठवडे मी रोज रात्री नवे मसुदे वाचत होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटाने तोच पदार्थ बनवून पाहिला आणि त्यांना अतिवाहकता आढळली नाही. खरा उलगडा केला तो मात्र रसायनशास्त्राने. मूळ कृतीत हा पदार्थ तयार होताना तांबे आणि गंधक उरते, आणि त्यांचे कॉपर सल्फाइड होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम करणारे प्रशांत जैन यांनी पाहिले की कोरियन गटाने १०४.८ अंशांना विरोध एकदम घसरल्याचे म्हटले आहे. कॉपर सल्फाइडची रचना नेमकी याच तापमानाला बदलते, हे त्यांना आधीच्या कामामुळे ठाऊक होते. बीजिंगमधील एका गटाने कॉपर सल्फाइडवर मोजमाप करून तशीच घसरण दाखवली. मग जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत या पदार्थाचे शुद्ध स्फटिक वाढवले, तेव्हा ते पारदर्शक, जांभळट आणि चक्क वीजरोधक निघाले. साऱ्या गोंधळाचे मूळ अशुद्धीत होते.

दावा, पडताळणी आणि उलगडा हे सारे एका महिन्यात झाले. संशोधन कसे चालते हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण अलीकडे माझ्या पाहण्यात नाही. सगळे मसुदे फुकट उपलब्ध आहेत.

खातेवही

मी ३१ वर्षे एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यापैकी शेवटची आठ वर्षे गुंतवणूक खात्यात. अर्थव्यवहारासाठी एरिका जियांग, ग्रेगोर मात्वोस, तोमाश पिस्कोर्स्की आणि अमित सेरू यांचा २०२३ चा निबंध घ्यावा. व्याजदर वाढल्यामुळे अमेरिकेतील बँकांची ताकद किती घटली, हे त्यात मोजले आहे. सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ रोजी बंद पडली. आदल्या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला मागितले होते. या निबंधाचा पहिला मसुदा त्याच महिन्यात सर्वांसाठी खुला झाला.

गणिताला घाबरू नये. मंडळाला पुढचे एकच उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवा. दरसाल २ टक्के व्याज देणारा १० वर्षांचा १०० रुपयांचा रोखा बँकेने घेतला. पुढे बाजारातला दर ५ टक्के झाला. आता तो रोखा विकायला काढला तर सुमारे ७७ रुपयेच मिळतील. तोच रोखा ‘मुदतपूर्तीपर्यंत ठेवणार’ या सदरात दाखवला, तर ताळेबंदात तो पूर्वीच्याच किमतीला बसून राहतो. ठेवीदार दारात येईपर्यंत हा २३ रुपयांचा खड्डा कागदावर दिसत नाही. निबंधाच्या हिशेबाने अमेरिकेतील सर्व बँकांचा असा न दाखवलेला खड्डा सुमारे २ लाख कोटी डॉलरचा होता.

निबंधातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग यापुढचा आहे. बुडालेल्या बँकेपेक्षा प्रमाणाने मोठा खड्डा असलेल्या सुमारे १० टक्के बँका होत्या, तरी त्यांच्या दारात रांग लागली नाही. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ९० टक्क्यांहून अधिक ठेवींवर विम्याचे कवच नव्हते, आणि तिथेच ती कोसळली. तोटा आणि विमा नसलेल्या ठेवी एकत्र आल्या की धावाधाव सुरू होते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपये आहे आणि पात्र सहकारी बँका तिच्यात येतात, पण पतसंस्था येत नाहीत. आपल्या मंडळात पतसंस्थेचे गृहस्थ आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले. काउंटरवर बसून मी असंख्य लोकांना हा फरक समजावला आहे, आणि बहुतेकांना तो पहिल्यांदाच कळत होता.

सेबीचा वायदे बाजाराचा अभ्यासही वाचनीय आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला. तो नियामकाचा अहवाल आहे, विद्यापीठीय निबंध नाही. तरीही तरुण मुलांसमोर तो जरूर ठेवावा.

परीक्षानळी

रसायनासाठी ऑगस्ट २०२२ चा ‘सायन्स’मधला निबंध पाहावा, अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विल्यम डिक्टेल यांच्या गटाचा. न चिकटणारी भांडी आणि आग विझवणारा फेस यांमुळे पसरलेली पीएफएएस रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होतच नाहीत, कारण कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध फार बळकट असतो. या गटाने त्या साखळीऐवजी तिच्या टोकाच्या आम्लगटावर घाव घातला. डीएमएसओ हा द्रावक आणि कॉस्टिक सोडा यांच्यासोबत ८० ते १२० अंशांपर्यंत तापवल्यावर टोक गळून पडते आणि मग साखळी उसवत जाते, तीही एकेक कार्बनने नव्हे, तर दोन-तीन कार्बनने. मर्यादाही ठळकपणे सांगावी : ही रीत आम्लगट असलेल्या रसायनांपुरती आहे, सल्फोनेट गट असलेल्यांना ती लागू पडत नाही. शिवाय ही रसायने आधी पाण्यातून गोळा करावी लागतात.

तांबटांच्या सूचनेला जोड म्हणून २०१९ चा ‘नेचर’मधला अमोनियाचा निबंध घ्यावा. हवेतल्या नायट्रोजनपासून विजेच्या साहाय्याने अमोनिया बनवल्याचे दावे तेव्हा भराभर येत होते. हवेतून, हातमोज्यांतून, इतकेच काय श्वासातूनही अमोनिया नमुन्यात शिरू शकतो. म्हणून नेहमीच्यापेक्षा जड, वेगळा ओळखता येणारा १५ वस्तुमानाचा नायट्रोजन वापरून पडताळल्याखेरीज कोणताही दावा मानू नये, असे त्या लेखकांनी दाखवून दिले.

ग्रंथसेवक

मिळवण्याबद्दल थोडे लिहितो. ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, पण ती सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे, सार्वजनिक वाचनालयांना तिचा लाभ मिळत नाही. वैद्यकाचे बरेच निबंध पबमेड सेंट्रल या संकेतस्थळावर पूर्ण मिळतात, अर्थशास्त्राचे मसुदे एसएसआरएन या संकेतस्थळावर. तरीही अडलेच तर निबंधावर दिलेल्या ईमेल पत्त्यावर लेखकांना दोन ओळींचे पत्र लिहावे. माझ्या अनुभवात बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात. निबंध मागे घेतला गेला आहे का, हे रिट्रॅक्शन वॉचच्या खुल्या यादीत आधी पाहावे. कक्षतापमानाच्या अतिवाहकतेचाच दुसरा एक दावा ‘नेचर’ने मार्च २०२३ मध्ये छापला आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतला.

कृष्णाकाठ

सर्वांचा ऋणी आहे. पहिली बैठक रेशन्सची, दुसरी खातेवही साहेबांनी दिलेल्या रोख्याच्या उदाहरणाची आणि तिसरी एलके-९९ ची ठरवली आहे. डिक्टेल यांचा निबंध खुला मिळाला नाही, म्हणून आजच लेखकांना ईमेल केली. उत्तर आले की इथे कळवीन.

पहिल्या बैठकीला टेबलावर ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ मोजून ठेवणार आहोत. एका माणसाचा महिना म्हणजे केवढे धान्य, हे आधी सर्वांनी डोळ्यांनी पाहावे आणि मग निबंध उघडावा. बैठक झाल्यावर ते धान्य कोणाच्या घरी पोहोचवायचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील ताईंना विचारले आहे.