‘द स्मेल पुट मी ऑफ’ : वासाने नेमके काय केले?

प्रश्न :
‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, असे मी शाळेपासून पाठ केले आहे आणि सभा किंवा परीक्षा पुढे ढकलल्याच्या बातम्यांत तो अर्थ बरोबर लागूही पडतो. काल मात्र ‘द स्मेल पुट मी ऑफ’ असे वाक्य वाचनात आले आणि वास माणसाला पुढे कसा ढकलेल, हे काही केल्या उलगडेना. शिवाय ‘आय पुट ऑफ टू गो’ हे माझे वाक्य तपासणाऱ्यांनी खोडले, पण कारण सांगितले नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १ :
आपण ‘पुट’कडे पाहत आहात, अर्थाची किल्ली ‘ऑफ’मध्ये आहे. ‘ऑफ’मध्ये दूर होण्याचा, सुटून बाजूला जाण्याचा भाव आहे. सभा दूरच्या तारखेवर गेली की ती ‘पुट ऑफ’ झाली, आणि वासामुळे आपले मन त्या पदार्थापासून दूर गेले की आपण स्वतः ‘पुट ऑफ’ झालो. तेव्हा आपल्या वाक्याचे सरळ मराठी ‘त्या वासाने माझे मनच उडाले’ असे होईल. यातूनच ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण आले असून नकोसे वाटायला लावणाऱ्या गोष्टीसाठी ते वापरतात. मराठीतही आपण काम ‘लांबणीवर टाकतो’, म्हणजे ‘टाकणे’ या साध्या क्रियापदाला एक जोड देऊन नवा अर्थ घडवतो. ‘पोस्टपोन’ या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘नंतर ठेवणे’ असाच आहे, हे मला फार सुंदर वाटते.

प्रतिसाद २ :
खोडलेल्या वाक्याबद्दल लिहितो. ‘पुट ऑफ’नंतर क्रिया सांगायची असेल, तर ती नामासारखी, ‘इंग’ लावून येते. म्हणून ‘आय पुट ऑफ गोइंग’ हे बरोबर. आपणही ‘जाणे लांबणीवर टाकले’ म्हणतो, ‘जायला लांबणीवर टाकले’ म्हणत नाही. सर्वनाम असल्यास ते मधेच बसते : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ ही चूक मी स्वतः बरीच वर्षे करत होतो. नाम मात्र दोन्ही जागी चालते.

प्रतिसाद ३ :
वरील विवेचनात एक भर घालावीशी वाटते, कारण कर्म माणूस असले की दर वेळी मन उडण्याचाच अर्थ निघतो असे नाही. उसने पैसे परत मागणारा माणूस ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ म्हणतो, तेव्हा समोरचा त्याला आज-उद्या करत टोलवत असतो. आणि ब्रिटिश इंग्रजीत, कोणी चेंडू टाकत किंवा वाद्य वाजवत असताना ऐन क्षणी शेजारचा बोलू लागला आणि टाकणारा किंवा वाजवणारा त्याला ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणाला, तर ‘माझे लक्ष विचलित होते आहे’ एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘कॉल ऑफ’शी मात्र याची गल्लत करू नये, तिथे कार्यक्रम रद्दच होतो.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. आता ‘द नॉइज पुट हर ऑफ, सो शी पुट ऑफ रेकॉर्डिंग’ हे वाक्य रचले आहे : गोंगाटाने तिचे चित्त ढळले, म्हणून तिने ध्वनिमुद्रण पुढे ढकलले. हे बरोबर आहे ना?

प्रतिसाद २ :
अगदी बरोबर आहे. पहिल्या भागात ‘हर’ मधे आले आणि दुसऱ्या भागात ‘रेकॉर्डिंग’ नामासारखे आले, हे दोन्ही आपल्याला साधले आहे.