सरकारी रुग्णालयात फुफ्फुस प्रत्यारोपण: आत्ता हवं की नंतर?

रानजाई:
माझी मावसबहीण 46 वर्षांची आहे. फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिवसरात्र घरघरतो, न्हाणीघरापर्यंतही नळी लावूनच जावं लागतं. आता प्रत्यारोपण हाच उपाय असं डॉक्टर म्हणाले. खर्च 30 लाखांच्या घरात, शिवाय चेन्नई किंवा हैदराबादला काही महिने खोली घेऊन राहायचं. भाऊजी एसटीत कंडक्टर आहेत. ते ऐकून घेतलं आणि दोघं परत आले.

माझं म्हणणं एवढंच, की महाराष्ट्रातल्या एका तरी सरकारी रुग्णालयात हे नियमितपणे व्हायला हवं. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयाने 2017 मध्ये करून दाखवलं. आणि डॉ. पी. के. सेन यांनी तर 1968 मध्येच देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तेही मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. रुग्ण काही तासच जगला, पण हिंमत सरकारी छताखाली झाली होती.

चंदगडचा_माळ:
ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही माझा विरोध आहे. मी 19 वर्षं क्षयरोग कार्यक्रमात काम करतोय. देशात टीबीने दरवर्षी 3 लाखांच्या आसपास माणसं मरतात, आणि त्यावर उपचार आहे! निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला 1000 रुपये मिळतात, सहा महिन्यांचे 6000. तुमच्या 30 लाखांत असे 500 जण येतात. आमच्याकडे एक्स-रे मशीन आहे, पण टेक्निशियन आठवड्यातून दोनच दिवस येतो. खडी क्रशरवर पाण्याचे फवारे लावले तर सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, मुळातच टळतो. आधी हे करा.

शिळाप्पा:
थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं. 2017 साली आलेल्या भारतीय नोंदणी-अभ्यासात फुफ्फुसं कडक होण्याच्या आजारांच्या जवळपास निम्म्या रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पिसांच्या कणांची ॲलर्जी होऊन फुफ्फुसाला येणारी सूज. एअर कूलर आणि कबुतरं ही त्यातली मोठी कारणं. सोसायटीत दाणे टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो.

रानजाई:
@शिळाप्पा, तिच्या बाल्कनीत सात-आठ वर्षं कबुतरांची घरटी होती. कुणी सांगितलंच नाही हो.

रात्रपाळी:
मी आयसीयूत सिस्टर आहे. दोघांनाही सांगते, अडचण फक्त पैशाची नाही. फुफ्फुस मिळतं ते बहुतेक मेंदूमृत रुग्णाकडून, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला पण व्हेंटिलेटरमुळे हृदय चालू असलेला. त्याचं फुफ्फुसच सगळ्यांत आधी खराब होतं. व्हेंटिलेटरवर संसर्ग होतो, पाणी साचतं. पाच दात्यांमागे जेमतेम एकाचं वापरता येतं. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचणी. त्या सहा तासांत नळीतून कफ कोण ओढतं, सलाईन किती जातंय हे कोण बघतं? आम्ही. आणि आमच्या वॉर्डात एका सिस्टरकडे चार व्हेंटिलेटर असतात. फुफ्फुस काढल्यावर साधारण सहा तासांत दुसऱ्या छातीत रक्त खेळायला हवं.

म्हणून सुरुवात सर्जनपासून करू नका. एक शस्त्रक्रिया झाली, हारतुरे झाले, मग तीन वर्षं काहीच नाही, याला कार्यक्रम म्हणत नाहीत. आधी रात्रपाळीला माणसं द्या, नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक द्या. याचा फायदा न्यूमोनियाच्या पोरालाही होईल, टीबीच्या पेशंटलाही. चंदगडकर, हे तुमच्याविरुद्ध नाहीये.

चंदगडचा_माळ:
सिस्टर, तुमचं पटतं. पण पुढचं काय? जगातल्या चांगल्या केंद्रांतही पाच वर्षांनी निम्म्याहून थोडेच अधिक रुग्ण जिवंत असतात. आयुष्यभर टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, रक्तातली त्याची पातळी तपासायची, ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे नळीने श्वासमार्गाची तपासणी, ॲस्परजिलस बुरशीची भीती. प्रतिकारशक्ती दाबली की जुना टीबी डोकं वर काढतो, हे तर मी रोज बघतो. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडचा माणूस दर महिन्याला तपासणीला येईल? शस्त्रक्रिया फुकट केली तरी लाभ शहरातल्यालाच.

रानजाई:
आत्ता कुणाला लाभ होतोय, दादा? अपघातात गेलेल्या मुलाचे अवयव मजूर आईबापही देतात. ती फुफ्फुसं मात्र बहुतेक तिथेच जातात, जिथे 30 लाख भरायची ऐपत आहे. दान सगळ्यांनी करायचं आणि रांगेत उभं राहायलाच पैसे लागायचे, हा अन्याय मला टीबीच्या आकड्यांएवढाच मोठा वाटतो. माझी बहीण त्या यादीत कधी आलीच नाही. नंबर लागला नाही असं नाही, नावच गेलं नाही.

रात्रपाळी:
हे खरं आहे. दात्याच्या आईचा हात मी धरून बसलेय. आपल्या मुलाचं फुफ्फुस कुणाला परवडेल, हे तिने विचारलं नव्हतं.

चंदगडचा_माळ:
दान देणाऱ्यांचा हा मुद्दा मी आजवर धरला नव्हता, मान्य करतो. मग माझी एक अट. एक केंद्र काढा, पण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीच्या टॅक्रोलिमसची, तपासण्यांची आणि रुग्णाच्या एसटी भाड्याची तरतूद पहिल्याच प्रस्तावात लिहून द्या. आणि तो पैसा क्षयरोगाच्या खात्यातून एक रुपयाही वळवायचा नाही. असा कागद आला तर मी सही करीन. तोवर विरोध कायम.