शब्दचर्चा: ज्वालामुखी आणि नसलेलं मुख

चर्चेचा विषय
आठवीच्या वर्गात सह्याद्री शिकवत होते. "हा सगळा दगड ज्वालामुखीतून आला," असं म्हटल्याबरोबर एका मुलीने विचारलं, "मग तो ज्वालामुखी कुठला? कळसूबाई?" प्रश्न चुकीचा नव्हता. शब्दानेच तिला तिथे नेलं. 'ज्वालामुखी' म्हटलं की टोकदार डोंगर, वर तोंड आणि तोंडातून ज्वाळा, असंच चित्र उभं राहतं. दख्खनच्या पठारासाठी आपण हा शब्द वापरावा का? दुसरा एखादा बरा शब्द आहे का?

प्रतिसाद
ताई, आधी शब्दाची फोड करू. जिच्या मुखी ज्वाला ती ज्वालामुखी. हिमाचलातल्या कांगडा जिल्ह्यातल्या देवीचं हेच नाव आहे. तिथे खडकाच्या फटींतून येणारा नैसर्गिक वायू जळत असतो, त्यामुळे तिला ते नाव अगदी शोभतं. पण तो भाग ज्वालामुखीचा नाही. देवी ती ज्वालामुखी आणि डोंगर तो ज्वालामुखी, एवढा लिंगाचा फरक मराठीत राहिला आहे. इंग्रजी 'व्होल्कॅनो'सुद्धा देवाच्याच नावावरून आला: रोमनांचा अग्निदेव व्हल्कन आणि सिसिलीजवळचं व्हल्कानो बेट.

मला 'ज्वाला' हा भागही खटकतो. बाहेर येणारा रस जळत नसतो. तो वितळलेला दगड असतो आणि ११००-१२०० अंश सेल्सिअसला तापल्यामुळे लाल दिसतो.

प्रतिसाद
पाठ्यपुस्तकांत 'केंद्रीय' (एकाच तोंडातून होणारा) आणि 'भेगीय' (जमिनीच्या लांब भेगेतून होणारा) असे उद्रेकाचे दोन प्रकार दिलेले असतात. तुमच्या विद्यार्थिनीला 'भेगीय' हवा होता. आइसलँडमधल्या लाकीचं उदाहरण द्या. १७८३ साली तिथली जमीन सुमारे २७ किलोमीटर उलली. त्या रेषेवर शंभराहून जास्त लहान लहान तोंडं उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. दख्खनचं प्रकरण याहून कितीतरी मोठं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी असे थरावर थर साचत गेले. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. तेव्हा भारतीय भूखंड ज्या तप्त स्थानावरून (जिथे पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येत राहते अशा जागेवरून) सरकत होता, तेच आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे.

'स्फोट' हा शब्द मात्र दख्खनला लावू नये, 'उद्रेक' म्हणावं. दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्याचा रस पातळ असतो. त्यातला वायू सहज निसटतो आणि रस दूरवर पसरतो. सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त असलेला रस चिकट असतो. त्यात वायू कोंडतो आणि मग १८८३ च्या क्राकाटोआसारखा स्फोट होतो. रस जमिनीखाली असेपर्यंत 'शिलारस', वर आला की 'लाव्हा', हा भेदही पाळावा. 'शिलारस' इतका नेमका शब्द हाताशी असताना तिथे 'मॅग्मा' कशाला?

प्रतिसाद
आमच्या घरात दोन पिढ्या विहिरी खोदण्याचं काम आहे, म्हणून लिहितो. ताई, विहिरीत उतरलेल्या माणसाला हे थर नावानिशी माहीत असतात. वर मुरूम लागतो. मग काळा पाषाण, त्याला सुरुंगच लावावा लागतो. खाली मांजऱ्या लागला की काम सोपं होतं. तो मऊ असतो, त्यात भोकं असतात, कुठे कुठे पांढरे स्फटिक भरलेले. मध्येच तांबडा गेरूचा पट्टा येतो. एका भूवैज्ञानिक बाईंनी मला समजावलं, की मांजऱ्याची भोकं म्हणजे रसातले वायूचे बुडबुडे. ते वर चढतात, म्हणून थराच्या माथ्याकडे जास्त सापडतात. आणि गेरू म्हणजे दोन उद्रेकांमध्ये पडलेला खंड. तेवढ्या काळात थराचा माथा ऊनपावसात झिजून त्याची माती झाली, मग पुढच्या लाव्ह्याने ती झाकली आणि भाजली. ते ऐकल्यापासून मला विहिरीची भिंत वेगळीच दिसते. आमचे आजोबा आयुष्यभर तेच थर मोजत होते.

प्रतिसाद
यात डोंगरातला एक शब्द घालते: 'पदर'. गडावर चढताना आपण म्हणतो, "आता पदरात आलो." खाली कडा, वर कडा आणि मध्ये झाडीची सपाटी, तो पदर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार आणि सपाटी होते. दख्खनच्या या थरांना इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला 'ट्रॅप' हा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. तिकडच्यांना पायऱ्या दिसल्या, आपल्याकडच्यांना पदर दिसला. दोघांनी पाहिला तो लाव्ह्याचाच थर.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. 'ज्वालामुखी' टाकणार नाही, तो रुळलेला आहे. पण दख्खनसाठी यापुढे 'भेगांमधून झालेला उद्रेक' असंच म्हणेन, आणि मुलांना आधी गावातल्या विहिरीच्या काठावर नेईन. दादा, मांजऱ्या हा शब्द आमच्याकडे विदर्भात कानावर आला नाही. यवतमाळ, अमरावतीकडचं कुणी विहिरीच्या कामावर असेल, तर त्या भोकाच्या दगडाला तिकडे काय म्हणतात ते कृपया लिहा.