भरती परीक्षेत हिजाब: तपासून आत सोडायचं की सरसकट बंदी?

नस्ती (धागाकर्ता)

जानेवारी 2025 मध्ये मंत्री नितेश राणे यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये, असं पत्र शालेय शिक्षणमंत्र्यांना दिलं. तोच न्याय सरकारी नोकऱ्यांच्या सरळसेवा भरतीलाही लावा, असं म्हणणारे बरेच आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. डोकं झाकणारा स्कार्फ चालू द्यावा. चेहरा झाकणारा नकाब ओळख पटवताना आणि पेपर संपेपर्यंत वर उचललेला असावा. आणि हे जाहिरातीत आणि हॉल तिकिटावर छापलेलं असावं, गेटवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडलेलं नसावं.

छापलेलं नसलं की काय होतं, ते कर्नाटकात दिसलं. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या परीक्षा प्राधिकरणाच्या महामंडळ भरतीला हिजाब चालेल, असं सरकारने सांगितलं. त्याच परीक्षेत कलबुर्गी आणि यादगीरमध्ये ब्लूटूथ कॉपी सापडली. नोव्हेंबरच्या पुढच्या पेपरसाठी लगेच फतवा निघाला की डोकं, तोंड, कान झाकणारं काहीही नको. मंगळसूत्र आणि जोडवी मात्र चालतील. त्यावर ओरड झाली, तेव्हा मंत्र्यांनी खुलासा केला की हिजाबवर बंदी नाही, लवकर येऊन तपासणी द्या. पेपर तोंडावर असताना नियमाने अशी कोलांटउडी मारली, तर केंद्रावरच्या शिपायाने कुठला कागद खरा मानायचा?

गुणवत्ता यादी

कागद एकच ठेवा, प्रश्न मिटतो: कान आणि मान उघडी, सगळ्यांची, अपवाद नाही.

2015 ची एआयपीएमटी, म्हणजे तेव्हाची वैद्यकीय प्रवेश परीक्षा आठवा. उत्तरं अंगावरच्या उपकरणांतून आत पोचली. फायदा घेतलेले 44 जण सापडले आणि सहा लाखांहून जास्त मुलांची परीक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. जुलैच्या फेरपरीक्षेला सीबीएसईने अर्ध्या बाह्या आणि उघडं डोकं असा नियम केला. त्याविरुद्धची याचिका ऐकायलाही सर्वोच्च न्यायालय तयार झालं नाही. काही तास स्कार्फ नसला म्हणून श्रद्धा नाहीशी होत नाही, अशा अर्थाचं तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी सुनावलं होतं. पुढे 2021 मध्ये राजस्थानात रीट या शिक्षक पात्रता परीक्षेच्या वेळी चपलेच्या तळव्यात यंत्र निघालं. जिथे तपासणी सैल, तिथे यंत्र जातं. आज चप्पल, उद्या दुसरं काही.

आणि खऱ्या केंद्रावरचं चित्र बघा. बायकांच्या झडतीला ठेकेदाराने पाठवलेल्या दोन मुली असतात, त्यातली एक बायोमेट्रिकच्या टेबलावर ओढली जाते. उरलेल्या एकीच्या हातात मेटल डिटेक्टर आणि समोर शंभर-सव्वाशे उमेदवार. ती प्रत्येकीचा स्कार्फ सोडून नीट बघणार, हे कागदावरच शोभतं. ती वरवर हात फिरवून आत सोडणार. म्हणून नियम असा हवा की तिला निर्णयच घ्यावा लागू नये.

तिसरा बाक

गुणवत्ता यादी, 2015 ची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच महिन्यात केरळ उच्च न्यायालयाने दोन मुलींना स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांची मुभा दिली होती. अट अशी की अर्धा तास आधी या आणि गरज पडल्यास महिला पर्यवेक्षकाला स्कार्फ काढूनही तपासू द्या. एप्रिल 2016 मध्ये आमना बिंत बशीर प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा तसाच निकाल दिला. आता एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था नीटच्या सूचनापत्रातच लिहितं की पारंपरिक किंवा धार्मिक पोशाखात येणाऱ्यांनी झडतीसाठी लवकर यावं. लाखो मुलांची परीक्षा अशी होते, मग काही हजार जागांच्या भरतीला काय अडचण आहे?

आता यंत्राचं. कानातला मणी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा स्पीकर. त्याला स्वतःला मोबाइलचं नेटवर्क पकडता येत नाही. गळ्याभोवती किंवा कपड्याच्या आत तारेचा वेढा असतो, तो सिमकार्डच्या डबीला जोडलेला. वेढ्यातलं चुंबकीय क्षेत्र मण्याला आवाज पोचवतं आणि ते वीतभर अंतरापलीकडे फारसं जात नाही. म्हणजे डबी आणि वेढा अंगावरच लागतात: बनियनच्या शिवणीत, कॉलरमध्ये, कमरेला. मेटल डिटेक्टर मण्यावर बहुधा गप्प राहतो, पण डबीवर वाजतो. स्कार्फ उतरवूनही धडाची तपासणी ढिली राहिली, तर यंत्र आत गेलंच म्हणून समजा. 2017 मध्ये चेन्नईत यूपीएससी मुख्य परीक्षेत ब्लूटूथसह पकडला गेलेला उमेदवार प्रशिक्षणातला आयपीएस अधिकारी होता. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं.

गुणवत्ता यादी

वेढ्याचं मान्य. पण तो मानेवर असतो आणि स्कार्फ नेमकी मानच झाकतो. शिवाय तुमची सगळी तपासणी गेटवर संपते. मुलगी दीड तासाने स्वच्छतागृहात गेली, तिथे फ्लशच्या टाकीमागे मणी चिकटवून ठेवलेला असला तर? परतल्यावर उघडा कान पर्यवेक्षकाला जागेवरून दिसतो, झाकलेला दिसत नाही. सीसीटीव्हीलाही नाही.

झरोका

स्वच्छतागृहाचा मुद्दा धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे. त्यावर उपायही आहे. जेईई मेनला एनटीएने 2024 पासून स्वच्छतागृहातून परतणाऱ्या प्रत्येकाची पुन्हा झडती आणि पुन्हा बायोमेट्रिक सुरू केलं. तिथे स्कार्फवालीचे कान पुन्हा बघा, बिघडलं कुठे? केस मोकळे सोडलेल्या मुलीचा कान तरी जागेवरून कुठे दिसतो?

स्कार्फची तपासणी नीट कशी होते, हे इथे बहुतेकांना माहीत नाही असं दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते. पडदा किंवा पार्टिशनचा आडोसा लागतो. तीन बाजू बंद, वर कॅमेरा नाही. मुलीने पिना स्वतः काढून ट्रेमध्ये ठेवायच्या, स्कार्फ उतरवून तपासणाऱ्या बाईच्या हातात द्यायचा. बाई कडेची दुमड दोन बोटांमध्ये धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवते. तार किंवा गाठ असेल तर तिथेच लागते. मग आतली टोपी. ही बऱ्याचदा विसरतात, आणि लपवायला जागा तीच असते, कारण ती कानावर घट्ट बसते. दोन्ही कानांत टॉर्च मारायचा, बोट घालायचं नाही. मानेभोवती आणि छातीवर डिटेक्टर. एवढ्याला मिनिटभर पुरतं. खरा वेळ जातो परत पिना लावण्यात. आरसा नसतो, हात थरथरत असतात, मागे रांग ओरडत असते.

म्हणून सूचनेत एक ओळ घाला: स्कार्फ विनापिनेचा, शिवलेला, डोक्यावरून सरळ घालायचा असावा, एकपदरी आणि बिनखड्यांचा. तो दहा सेकंदांत निघतो, दहा सेकंदांत बसतो. ही अट मुलींना जाचक वाटणार नाही. जाचक वाटतं ते चारचौघांत, पुरुष शिपायासमोर "काढ ते" म्हणणं.

दुसरी अडचण फोटोची, तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. बँक भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या फोटोच्या सूचनेत टोपी आणि काळा चष्मा चालत नाही, पण धार्मिक शिरोवस्त्र चालतं, चेहरा झाकलेला नसला म्हणजे झालं. एनटीए मात्र फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणतं. एकच मुलगी दोन्हीकडे अर्ज भरते, मग एका ठिकाणी फोटो स्कार्फमध्ये आणि दुसरीकडे बिनस्कार्फचा. परीक्षेच्या दिवशी वेबकॅमसमोर ती तिसऱ्याच अवतारात. चेहरा जुळवणारं सॉफ्टवेअर अडखळलं की तिला बाजूला उभं करतात आणि गेट बंद व्हायची वेळ होते.

नस्ती

झरोका ताई, फोटोचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. नकाबाबद्दल आपलं एकमत दिसतंय ना? मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्येच मतदार यादीतल्या फोटोच्या प्रकरणात पडद्याची सबब मानली नव्हती. डमी उमेदवार हा आपल्याकडचा जुना रोग आहे. चेहरा न बघता कुणालाही आत सोडणं शक्य नाही.

झरोका

चेहरा बघण्याला हरकत नाहीच. बघणारी बाई असावी, एवढंच. वेबकॅमच्या टेबलावरही बाई असली तर उत्तम, नसली तरी तिथे चेहरा उघडायला बहुतेक मुलींची ना नसते.

मैदानी

लेखीवरच अडकलात सगळे. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा असतो, एकूण 50 गुण. स्कार्फ, लेगिंग्ज, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून धावता येतं. चेस्ट नंबर सगळ्याच्या वर बांधा, स्कार्फची टोकं आत खोचा. नंबर झाकला गेला तर फेरी मोजणाऱ्याची चूक आणि नुकसान मुलीचं. पायघोळ बुरख्यात गोळा फेकता येईलही, 800 मीटर नाही.

पळसखेड

हिजाबचा विषय न्यायालयाने संपवलाय ना 2022 मध्ये? मग ही चर्चा कशाला?

तिसरा बाक

नाही संपवला. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये दिलेला निकाल शाळा-कॉलेजच्या गणवेशाबद्दल होता, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. मुंबईत चेंबूरच्या कॉलेजमधल्या हिजाबबंदीचंही तसंच: उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2024 ला हिजाब, टोपी आणि बिल्ल्यावरच्या बंदीला स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. भरतीच्या उमेदवाराला गणवेशच नसतो, त्यामुळे तो युक्तिवाद इथे लागू पडत नाही. इथे प्रश्न फक्त कॉपीचा आणि ओळखीचा.

गुणवत्ता यादी

मग फक्त कॉपीचंच बोलू. 300 उमेदवारांचं केंद्र धरा, मुली 120, त्यात स्कार्फवाल्या 20. साध्या तपासणीला अर्धा मिनिट, म्हणजे शंभर जणींना 50 मिनिटं. वीस जणींना झरोकांच्या पद्धतीने दोन-दोन मिनिटं, म्हणजे आणखी 40. एका बाईला दीड तास पूर्ण. संगणकावरच्या परीक्षेत दिवसाला तीन सत्रं, मधे दीड-दोन तासांचं अंतर, त्यात आधीची बॅच बाहेर काढायची. पहिल्या सत्राला जमेल. दुसऱ्या सत्राला घाई होणार आणि घाईत टॉर्च राहणार. ठेका प्रति उमेदवार दराने दिलेला असतो, ठेकेदार जास्तीची बाई कशाला पाठवेल?

नस्ती

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. तुमच्याच आकड्यांत बाई एकीऐवजी तीन ठेवा: दोघी साध्या रांगेला, तिसरी आडोशात. साधी रांग 25 मिनिटांत संपते, आडोसा 40 मिनिटांत, आणि आडोशाच्या रांगेला अर्धा तास आधी बोलावलेलं असतंच. निविदेत "दर 50 महिला उमेदवारांमागे एक महिला तपासनीस, आडोशासाठी वेगळी एक" अशी ओळ आणि ती न पाळल्यास दंड. ठेकेदार दंडाला घाबरतो, परिपत्रकाला नाही.

गुणवत्ता यादी

दंड वसूल झालेलं एखादं केंद्र दाखवा, मग बोलू. तोवर मी सरसकट नियमाच्या बाजूने. एक मात्र तुमच्याकडून घेतो: माझा नियम लागू करायचा असेल तर मंगळसूत्र, जोडवी, कडं, कमरेचा करगोटा, सगळ्यालाच लागू करावा लागेल.

झरोका

तो लागू करून बघा. जाहिरात निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी आडोशाची निविदा निघेल.